शनिवारचा जाहीर उपवास

निपाणीत माणसं जमवणं अवघड नाही. रस्त्यात दोन बैल भांडले की पन्नास माणूस जमतं आणि बैलांचे मालक भांडले की शंभर. मोटारीचं चाक फुटलं तर चाक बदलणारा एक आणि ते कसं बदलायचं हे सांगणारे चाळीस, हे प्रमाण ठरलेलं. पण उपेंद्रपंत हेरवाडकर मास्तरांनी ज्ञानवर्धक वाचनालयात विज्ञानावर व्याख्यान ठेवलं, की हीच माणसं कुठल्या बिळात शिरत, हे कोडं विज्ञानालाही सुटलेलं नव्हतं.

'ग्रहणे कशी लागतात' या पहिल्या व्याख्यानाला अकरा श्रोते होते. 'बिनतारी संदेश' ऐकायला सात आले, त्यातले दोघे वाचनालयाच्या ओट्यावर आधीपासूनच झोपलेले होते. 'मधमाशीचे समाजजीवन' या तिसऱ्या व्याख्यानाला चारजण होते. एक वक्ता, एक खुद्द मास्तर, एक दिवाबत्तीवाला आणि चौथा गृहस्थ मध विकायला आलेला. तिन्ही वेळा मास्तरांनी इतिवृत्तात 'श्रोते बहुसंख्येने उपस्थित होते' असंच लिहिलं. एकापेक्षा जास्त ते बहु, असं व्याकरण त्यांच्या बाजूला होतं.

पण छत्तीस सालच्या माघात वाचनालयाच्या कमिटीची बैठक भरली आणि अध्यक्ष मारुतीरावांनी व्याकरणाला हात घातला. मारुतीराव तंबाखूचे मोठे व्यापारी. त्यांची वखार त्या साली छपराला टेकली होती आणि पुढच्या महिन्यात आणखी गाड्या यायच्या होत्या. वाचनालयाच्या सभागृहाकडं ते दोन वर्षं ज्या नजरेनं बघत होते, त्या नजरेनं मास्तरांनी कधी ज्ञानाकडंसुद्धा पाहिलं नव्हतं.

"मास्तर, हॉल लई झ्याक हाय," मारुतीराव म्हणाले. "वारं खेळतंय, जमीन कोरडी हाय, उंदीर न्हाईत. तुमी ह्यात मधमाश्या कोंडताय. त्यापरास माझी तंबाखू कोंडू द्या की. निदान ती वाळंल तरी."

"मारुतीराव, ही ज्ञानाची जागा आहे!"

"ज्ञान चार माणसांचं हाय. चार माणसं माझ्या पडवीतबी बसत्यात. च्या पाजून."

कमिटी हसली. मास्तरांचे कान लाल झाले आणि कान लाल झाले की त्यांच्या तोंडाला लगाम राहत नसे. "शंभर माणसं आणून दाखवीन!" ते गरजले.

मारुतीराव याच वाक्याची वाट बघत बसल्यासारखे हलकेच पुढं सरकले. "लिवून घ्या," ते म्हणाले. आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं, तेही मास्तरांच्याच वळणदार अक्षरात: 'पुढील व्याख्यानास शंभर माणसे आली व आभारप्रदर्शन होईपर्यंत सभागृहात राहिली, तर सभागृह व्याख्यानांकडे कायम राहील. अन्यथा हंगामापुरते अध्यक्षांस वापरावयास द्यावे.' शेवटची ती आभारप्रदर्शनाची मेख मारुतीरावांची. मास्तरांचं आभारप्रदर्शन म्हणजे काय चीज असते हे ते आधी दोनदा सोसून बसले होते. मधमाशीच्या वेळी आभार मूळ व्याख्यानापेक्षा दहा मिनिटं लांबले होते आणि ते ऐकायला मध विकणारासुद्धा थांबला नव्हता.

बातमी मास्तर घरी पोचायच्या आधी घरी पोचली. पत्नी वासंतीबाई दारातच होत्या. "शंभर म्हणालात?" त्यांनी विचारलं. "पन्नास म्हणायला जीभ अडली होती का?"

मग सल्ले सुरू झाले. निपाणीत सल्ला मागावा लागत नाही, तो दारावर येतो. शेजारच्या नागुबाई आक्का म्हणजे गल्लीचं जाहीर मत. दोन एकर शेत, तीन म्हशी आणि कुणालाही न भिणारी जीभ एवढा त्यांचा संसार. त्या म्हणाल्या, "मास्तर, व्याख्यान ह्यो शबुदच वंगाळ. ऐकला की जांभई येती. दुसरं कायतरी नाव ठेवा."

ही सूचना मास्तरांनी हसण्यावारी नेली, पण ती डोक्यात कुठंतरी चिकटली असावी. कारण दोन दिवसांनी बेळगावच्या डॉक्टर हुदलींचं पत्र आलं. आहार, आरोग्य आणि माणसाच्या सवयी या विषयावर बोलायला ते आनंदानं तयार होते. पत्र कानडीत होतं. मास्तरांना बाजारापुरतं कानडी येई, म्हणजे वांगी घासाघीस करून घेता येत, पण वांग्याबद्दल मत मांडता येत नसे. तरीही शेवटल्या ओळीतला एक शब्द त्यांनी बरोबर टिपला. 'माझा उपन्यास तासाभराचा असेल.'

उपन्यास! कानडीत व्याख्यानाला उपन्यास म्हणतात. मास्तर खोलीत येरझाऱ्या घालू लागले. एका शब्दात तीन कामं होत होती. डॉक्टरांचा मान राहत होता, आसपासच्या खेड्यांतले कानडी लोक ओढले जात होते आणि 'व्याख्यान' हा जांभईचा शब्द टळत होता. त्यांनी जाहिरातीचा मजकूर टाक बुडवून बुडवून लिहिला आणि छापखान्यात नेऊन शामूच्या हातात दिला.

शामू हा जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा. पंचवीस वर्षं खिळे जुळवून त्याची अशी पक्की समजूत झाली होती की शिकलेल्या माणसांना शुद्ध लिहिता येत नाही, आणि ती खोटी म्हणण्यासारखा पुरावा निपाणीत नव्हता. आजवर त्यानं वकिलांच्या वेलांट्या आणि लग्नपत्रिकांतले आजोबा गुपचूप दुरुस्त केले होते. मास्तरांचा कागद वाचताना तो 'उपन्यास'वर अडला. असा शब्द नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. विषय आहाराचा, वक्ता डॉक्टर. मास्तर घाईत काय लिहायला गेले असतील हे ओळखायला पंचवीस वर्षांचा अनुभव लागत नव्हता. त्यानं 'न्या' काढला आणि 'वा' बसवला. केलेल्या उपकाराची वाच्यता करायची त्याला सवय नव्हती.

मास्तरांनी मुद्रित तपासलं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. चांगलं अर्धा तास तपासलं. 'आपला नम्र, उपेंद्र हेरवडकर' असं छापलेलं त्यांना दिसलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. काना गळला होता! हेरवाडाचं हेरवड झालं होतं! त्यांनी तांबड्या शाईनं काना दिला, समासात 'अत्यंत महत्त्वाचे' असं लिहिलं, पुन्हा एकदा स्वतःचं नाव डोळे भरून वाचलं आणि सही ठोकली. बाकीचा मजकूर त्यांचा स्वतःचाच होता. तो काय वाचायचा?

बुधवारी सकाळी जाहिराती वाटल्या गेल्या:

'शनिवारी सायंकाळी साडेपाच वाजता ज्ञानवर्धक वाचनालयाच्या सभागृहात, आहार व आरोग्य या विषयावर, बेळगावचे डॉक्टर हुदली यांचा जाहीर उपवास. सर्वांनी सहकुटुंब भाग घ्यावा.'

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी भरमू होता. भरमूची दवंडी म्हणजे आधी हलगी, मग बातमी आणि मग भरमूचं स्वतःचं भाष्य. "ऐका हो ऐका! शनवारी समद्यांनी उपास धराचा हाय! बेळगावचा डाक्टर येऊन सोडवणार हाय! ज्याला दुखणं आसंल त्यानं तर धराचाच!" हे शेवटलं वाक्य कागदावर नव्हतं. पण दवंडी पिटून पिटून लोकांना काय रुचतं ते भरमूला चांगलं कळलं होतं.

दोन दिवसांत गावाची हवा फिरली. मास्तर शाळेतून घरी येईतो सात माणसांनी थांबवलं. असा मान त्यांना लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

"मास्तर, शनवारी आमी समदी येतोय बगा. घरातली झाडून समदी धरणार हाईत."

'विज्ञानाची कास धरणार', असा अर्थ मास्तरांनी लावला आणि त्यांना भरून आलं.

"म्हातारीला झेपंल का वो? ऐंशीची हाय."

"न झेपायला काय झालं? डॉक्टर अगदी सोपं करून सांगणार आहेत."

"दूध चालतंय नव्हं?"

"दूध? अहो, दुधावर तर त्यांचा विशेष भर आहे!"

"आन् तंबाखू?"

"तंबाखू सर्वथा वर्ज्य!" मास्तर कडाडले. हे बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढं मारुतीराव होते. विचारणारा मात्र हिरमुसला होऊन गेला. उपासाला तंबाखू चालत नाही असं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं.

त्या रात्री मास्तरांनी आभाराचं भाषण लिहायला घेतलं. सात पानं झाली. सातव्या पानावर विज्ञान हा सूर्य होता, निपाणी हे कमळ होतं आणि भुंगा कोण ते ठरायचं होतं.

शनिवारी सकाळी आठ वाजता दारात पोलीस हवालदार उभा राहिला.

"हेरवाडकर तुमीच?" त्यानं जाहिरात पुढं धरली. "फौजदारसायबांनी पाठवलंय. जाहीर उपास कशाबद्दल हाय?"

"उपास? उपवास कुठला?"

"मला काय इचारताय? तुमचं नाव हाय की खाली. लई ठसठशीत छापलंय. जाहीर उपास म्हंजी सरकारइरुद्ध. मागण्या काय हाईत, सांगा. लिवून न्याचं हाय."

मास्तरांनी कागद हातात घेतला. यावेळी त्यांनी खालून वर वाचलं. नाव बरोबर होतं. सहकुटुंब बरोबर होतं. मग त्यांची नजर त्या शब्दावर गेली आणि ते ओट्यावरच खाली बसले. दोन दिवसांतलं सगळं संभाषण, म्हातारीपासून तंबाखूपर्यंत, त्यांच्या कानांत एका ओळीत उभं राहिलं.

"लिवू काय?" हवालदारानं पेन्सिल जिभेला लावली. "मागणी?"

"मागणी एवढीच," मास्तर म्हणाले, "की लोकांनी यावं आणि ऐकावं."

हवालदारानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "ही मागणी सरकार मान्य करंल," तो विचार करून म्हणाला. "पर मला हजर ऱ्हावं लागंल. माणसं मोजून रपोट द्याचा हाय."

तो वळतो न वळतो तोच नागुबाई आक्का आल्या. वासंतीबाईंनी सवयीनं चहाची कपबशी पुढं केली, तर आक्कांनी कानावर हात ठेवले. "बया! आज उपास न्हवं का तुमचा? गल्लीत एक चूल पेटली न्हाय. मारुतीरावाच्या जयाबाईनं तर त्येलाबी धराय लावलाय. पोटात वायू धरतोय म्हणं त्येच्या. सकाळधरनं वखारीत वरडतोय नुसता."

मास्तर ताडकन उठले. भरमूला गाठून उलटी दवंडी पिटायची असं त्यांनी ठरवलं. भरमू आपल्या दारात पोटाला पंचा आवळून बसला होता.

"उपास मोड म्हणून दवंडी?" भरमू म्हणाला. "न्हाय वो मास्तर. धर म्हणून सांगितलं, त्ये पुण्य. मोड म्हणून सांगितलं तर साऱ्या गावाचं पाप माझ्या हलगीवर. आन् तुमी तर बामण माणूस, तुमाला शोभतंय का हे?"

मास्तर परत आले ते खचूनच. "संपलं," ते म्हणाले. "आता माफी मागायची, सभा रद्द करायची आणि किल्ली मारुतीरावांना द्यायची."

वासंतीबाई शांतपणे पदर खोचत होत्या. "माणसं येणार आहेत ना?"

"येणार. पण चुकीच्या कारणासाठी!"

"शंभर माणसं पाहिजेत, असं लिहिलंय. बरोबर कारणाची पाहिजेत, असं लिहिलंय का?"

वासंतीबाई नागुबाईंकडं वळल्या. "आक्का, उपवास सोडायला काहीतरी नको का? तुमच्या शेतातली रताळी निघालीत ना?"

"दोन पोती हाईत," आक्कांचे डोळे चमकले. "आन् भुईमुगाच्या शेंगा बोरगावच्या पाव्हण्यांनी कालच टाकल्यात. गूळ घराघरातनं एकेक खडा गोळा करती. बसा तुमी, बगतेच मी."

आणि खरंच दुपारपर्यंत गल्लीतल्या बायकांनी लग्नघर उभं केलं. तीन चुलाण्यांवर तीन हंडे चढले. रताळ्यांचा वास अख्ख्या गावाच्या रिकाम्या पोटात शिरला. मास्तरांनी एकच सूचना केली, पण ती फार ठासून केली. फराळ सभागृहात न्यायचा नाही. भिंतीवर त्यांच्याच हातची पाटी होती, 'येथे खाद्यपदार्थ आणू नयेत'. फराळ बाहेर अंगणात, आभार झाल्यावर, शिस्तीत.

डॉक्टर हुदली तीनला यायचे ते पाच वाजून वीस मिनिटांनी आले. काकतीच्या पुढं मोटारीला उकळी फुटली होती आणि दोन तास ते रस्त्याकडेला बसून होते. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्यापलीकडं काही नव्हतं. गोल चेहऱ्याचा, सदा हसणारा माणूस. मास्तरांनी रस्त्यातच चुकीची कबुली दिली तेव्हा ते थबकले.

"मी उपन्यास म्हटलो, तुम्ही उपवास केलात?" आणि ते रस्त्यात उभे राहून इतके हसले की टोपी पडली. "अय्यो मास्तर! किती लोक उपाशी आहेत?"

"सगळेच."

"मग फार छान झालं की हो! पोटावर बोलायचं आणि समोर रिकामी पोटं! असा श्रोता कुठल्या कॉलेजात मिळणार?"

सभागृह माणसांनी फुलून गेलं होतं. खिडक्यांत माणसं, कपाटांच्या कडेला माणसं, पाटीखाली माणसं. बायका एका बाजूला, मुलंबाळं मधे. हवालदार दारात उभा राहून बोट नाचवत मोजत होता. "दोनशे एकतीस," त्यानं जाहीर केलं. "डाक्टर धरून दोनशे बत्तीस." मास्तरांना एकदम हलकं हलकं वाटलं. चार माणसांपासून दोनशे एकतीस! त्यांनी तो आकडा मनात तीनदा उच्चारून बघितला. दरवेळी तो आणखी गोड लागला.

खुर्चीत मारुतीराव बसले होते. रंग उतरलेला, तोंडात तंबाखू नाही, नजर दाराकडं. "आलीत खरी," ते पुटपुटले. "पर आभारापतुर टिकली पायजेत, मास्तर. तुमच्या आभारापतुर."

मास्तरांनी सुरुवातीलाच घोषणा केली. गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी ती योजून ठेवली होती. "मंडळी, फराळाची सोय बाहेर अंगणात आहे. सगळं आटोपलं की मी घंटा वाजवीन. घंटा झाली की फराळ. त्याआधी कुणी उठायचं नाही."

"घंटा झाली की फराळ," सभागृहानं एका सुरात पाठ केलं. शाळेतल्या वर्गानं असा एकही धडा कधी पाठ केला नव्हता.

हे चाललं असताना डॉक्टर आपले तक्ते भिंतीला टांगत होते. तक्ते कानडीत होते आणि खिळा वाकडा होता, त्यामुळं त्यांचं सगळं लक्ष तिकडं होतं. सगळ्या घोटाळ्याचं मूळ एवढंच.

व्याख्यान सुरू झालं. आणि काय सांगावं, माणूस बोलला! उपाशी पोटात या घटकेला काय काय चाललंय ते त्यांनी असं उभं केलं की दोनशे एकतीस माणसांनी आपापल्या पोटावर हात ठेवला. जठरात रस सुटतो, आतडी चालू लागतात, गुरगुर येते ती कशाची, हे ते सांगत होते आणि त्याच क्षणी अध्यक्षांच्या पोटातून अशी खणखणीत गुरगुर आली की डॉक्टर आनंदानं ओरडले, "हीच! हीच ती! ऐकलात सगळे?" सभागृह खदखदून हसलं. ऐंशीची म्हातारी पहिल्या रांगेत मान डोलावत होती. पॉलिश केलेल्या तांदळातून सत्त्व कसं निघून जातं, भुईमुगाच्या मूठभर दाण्यांत काय ताकद असते, रताळं हे गरिबाचं कसं भांडार आहे, हे ऐकून नागुबाई आक्कांनी सगळ्या सभेकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू रताळ्याचा शोध त्यांनीच लावला. कोपऱ्यातला एक शेतकरी उठून म्हणाला, "डाक्टर, मग आमी शेंगा इकतो आन् पांढरं तांदूळ इकत आणतो, ह्ये याडपणाच की वो!" आणि डॉक्टर म्हणाले, "आप्पा, मी तासभर जे बोललो ते तुम्ही एका वाक्यात बोललात."

मास्तर खांबाला टेकून उभे होते. त्यांचे डोळे पाणावले. चुकीच्या कारणानं आलेली माणसं बरोबर कारणानं ऐकत होती.

मधेच एकदा डॉक्टरांचं बोलणं अडखळलं. ते टेबलाखाली वाकून चाचपू लागले आणि वास हुंगून परत ताठ झाले. मास्तरांना वाटलं, कागद पडला असेल.

"आता शेवटी सवयीबद्दल," डॉक्टर म्हणाले. "माणूस भुकेनं खातो असं आपण समजतो. तसं नाही. माणूस सवयीनं खातो. रशियात एक मोठे पंडित होऊन गेले. ते कुत्र्याला भाकरी द्यायच्या आधी दर वेळी घंटा वाजवायचे. घंटा, मग भाकरी. घंटा, मग भाकरी. पुढं काय झालं? भाकरी नसली तरी नुसत्या घंटेनं त्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. बघा, अशी," आणि त्यांनी टेबलावरची पितळी घंटा उचलली.

"डॉक्टर, नको!" मास्तर ओरडले.

घंटा वाजली.

दोनशे एकतीस माणसं उठली. एका झटक्यात, भरलेल्या पोत्याची शिवण उसवावी तशी. आणि सगळ्यात आधी उठले ते अध्यक्ष मारुतीराव. "घंटा झाली!" अशी एकच हाळी उठली आणि सगळा लोंढा दाराकडं, अंगणाकडं वळला. मास्तर दोन्ही हात पसरून आडवे धावले. "थांबा! आभार राहिलेत! बाहेर जाऊ नका!" पण पुराला हात दाखवून पूर थांबत नाही. मारुतीरावांच्या चेहऱ्यावर भूक आणि विजय असे दोन्ही भाव एकदम आले. मास्तरांना डोळ्यांपुढं तंबाखूची पोती दिसू लागली. ग्रहणाच्या जागी, मधमाशीच्या जागी, छपरापर्यंत.

"अंगणात कुणी जायचं नाही!"

आवाज वासंतीबाईंचा होता. उभ्या जन्मात त्यांनी चारचौघांत असा आवाज काढला नव्हता. त्या टेबलापाशी उभ्या होत्या आणि त्यांनी टेबलावरची लांब चादर ओढून काढली. टेबलाखाली तीन हंडे, दोन बुट्ट्या आणि गुळाची परात!

"अंगणात कुत्रं येऊन बसलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून सगळं आत आणून ठेवलं. इथंच मिळेल."

लोंढा दारातून मागं फिरला. हवालदारानं उंबऱ्यावर काठी आडवी धरून खात्री केली. "भायेर एकबी गेला न्हाय," त्यानं सांगितलं. "दोनशे एकतीस."

"पण आभार झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," वासंतीबाईंनी हंड्यापुढं डाव उगारला आणि नवऱ्याकडं पाहिलं. सगळ्या सभेनं मास्तरांकडं पाहिलं.

मास्तरांनी कोटाच्या खिशातून सात पानं काढली. घडी उघडली. पहिल्या पानावर 'अध्यक्ष महाराज' होते. त्यांनी समोर बघितलं. दोनशे एकतीस उपाशी तोंडं, पुढं ती ऐंशीची म्हातारी, हातात रिकामी वाटी. आयुष्यात इतके श्रोते त्यांना मिळाले नव्हते आणि बहुधा पुन्हा मिळणार नव्हते. सूर्य, कमळ आणि अजून न ठरलेला भुंगा, सगळं हातात होतं. त्यांनी एकदा सातवं पान पाहिलं. पानं पुन्हा घडी करून खिशात घातली.

"आभार," मास्तर म्हणाले.

"झालं?" म्हातारीनं विचारलं.

"झालं."

"ह्ये आभार झालं व्हय?" मारुतीराव उसळले. "एका शबुदाचं? माझी हरकत हाय! लिवून घ्या!"

"मारुतीराव," नागुबाई आक्का म्हणाल्या, "तुमच्या हातात सोलल्यालं रताळं हाय. आदी त्ये हंड्यात ठेवा, मग हरकत घ्या."

मारुतीरावांनी हाताकडं बघितलं. रताळं खरंच होतं, केव्हा उचललं ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. त्यांनी रताळ्याकडं बघितलं, सभागृहाच्या कोरड्या, हवेशीर भिंतींकडं बघितलं, पुन्हा रताळ्याकडं बघितलं. मग हरकत मागं घेतली आणि रताळं तोंडात घातलं. हंगामभर त्यांची तंबाखू त्यांच्याच पडवीत राहिली.

खाताना आक्कांच्या मनात काहीतरी सलत होतं. त्या डॉक्टरांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "डाक्टर, त्ये कुत्र्याचं सांगितलासा आन् आमी उटलो. म्हंजी आमी कुत्री व्हय?"

डॉक्टरांच्या दोन्ही गालांत रताळं होतं. "आक्का," ते कसेबसे म्हणाले, "घंटा मीच वाजवलो. पण या टेबलाखाली पहिला हात कुणाचा गेला? माझाच की हो!"

इतिवृत्तात मास्तरांनी लिहिलं, 'श्रोते बहुसंख्येने उपस्थित होते.' मग थोडं थांबून, जन्मात पहिल्यांदाच, पुढं आकडा घातला.

महिनाभरानं डॉक्टरांचं पुढचं पत्र आलं. यावेळी सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन येणार होते, विषय होता 'पिण्याच्या पाण्यातील जंतू'. मास्तर मजकूर घेऊन छापखान्यात गेले. शामूनं कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी विचारलं, "मास्तर, 'व्याख्यान' लिवलंय. तसंच ठेवू?"

मास्तरांनी तांबडी शाई मागितली, 'व्याख्यान' खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'उपवास'. खाली स्वतःचं नाव कसं छापलंय ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भरमूची हलगी गल्लीतून गेली आणि पाठोपाठ नागुबाई आक्का ओट्यापाशी आल्या. चेहरा गंभीर होता.

"मास्तर, या बारीला पाण्याचा इषय हाय म्हणं?"

"हो आक्का. पाण्यातले जंतू."

"मग ह्यो निर्जळीच धरायचा नव्हं?"